रस्त्याकडची दोरी

डेल्फियाने रुमालाचं टोक जिभेला लावलं, बोटाभोवती घट्ट गुंडाळलं आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्याकडे हात नेला.

"बाई, हात मागे."

पहारेकरी दालनाच्या दुसऱ्या टोकाहून जवळजवळ धावत आला होता. जवळ येऊन त्याने तिला ओळखलं आणि त्याचा राग तिथेच विरला. चौतीस वर्षं ही बाई कोलंबस शहरातल्या या संग्रहालयात येत होती. चित्रापासून हातभर लांब, दोन्ही हात पाठीशी बांधून उभी राहायची, आणि शाळेची पोरं फार पुढे सरकली तर त्यांना हीच दटावायची. आज तिनेच ओला रुमाल घेऊन चित्र पुसायला जावं म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखं झालं.

"तुम्ही?" तो म्हणाला.

"डाग दिसला. हात आपोआप गेला," डेल्फिया म्हणाली. "माफ करा."

तिचे कान तापले होते. तिने रुमाल पिशवीत कोंबला आणि दोन पावलं मागे सरली. शेजारी ओपल उभी होती. ओपल तिची समोरची शेजारीण, पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण, आणि संग्रहालयात ती यायची ती फक्त तिथल्या उपाहारगृहातल्या सफरचंदाच्या केकसाठी. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. एरवी अशा प्रसंगी तिने डेल्फियाची महिनाभर पुरेल इतकी थट्टा केली असती. आज तिने नुसती पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

चित्र मोठं होतं, माणसावर माणूस उभा राहील एवढं उंच. जवळजवळ सगळं पांढरं. फक्त तळाशी वीतभर उंचीचा नारिंगी पट्टा, वर जाताना पातळ होत गेलेला, आणि त्याच्या अगदी कडेला केसाएवढी पिवळी रेघ. ती रेघ दिसली आणि डेल्फियाचा हात उठला होता. शेजारच्या पाटीवर चित्रकर्तीचं नाव होतं, रेनाटा ऑसगुड, आणि खाली बारीक अक्षरात: कॅनव्हासवर लोहरंग, सहा नंबर खाण, कोल्टर ओढा, ओहायो.

आपल्या ओढ्याचं नाव कोलंबसच्या भिंतीवर लागलंय, हे कळल्यापासून डेल्फियाला धड झोप नव्हती. त्यासाठीच ती आज नवा ब्लाउज इस्त्री करून आली होती. तिने पाटी दोनदा वाचली.

"चुकीचं लिहिलंय," ती म्हणाली. "हा सहा नंबर नाही. हा अकरा आहे."

ओपलने चित्राकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने कुठल्याही चित्राकडे पाहिलं नव्हतं तितका वेळ पाहिलं.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली आणि उपाहारगृहाकडे चालू लागली.

*

कोल्टर खोऱ्यात प्रत्येक घराला कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या असायच्या. एक रस्त्याकडची, एक टेकडीकडची. पावसाचं पाणी पिंपात साठवून त्यात धुतलेलं पांढरं स्वच्छ कापड रस्त्याकडे. विहिरीच्या पाण्यात धुतलेलं, म्हणजे डागाळलेलं, टेकडीकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडायचं नाही. जुन्या कोळशाच्या खाणींतलं पाणी झिरपून ओढ्यात आणि विहिरींत उतरायचं. घागरीत भरताना ते काचेसारखं नितळ असायचं. हवा लागली की तासाभरात गंज धरायचं, आणि मग टब, तपेली, चादरी, तान्ह्या पोरांचे लंगोट, सगळ्यांवर ते आपली सही करून जायचं.

त्या सहीवरूनही बायकांना घर ओळखता यायचं. सहा नंबरच्या पाण्याचा डाग चहासारखा, कडेला बोथट. अकरा नंबरचा नारिंगी, आणि वाळताना कडेला पिवळी रेघ सोडणारा. व्हिनेगर, लिंबू, ऊन, सगळं करून झालं तरी ती रेघ जायची नाही. लग्नाच्या मुलीच्या पेटीतली चादर उलगडून आजीबाई म्हणायच्या, ही खोऱ्याच्या वरच्या अंगाची, ही खालच्या. ब्याऐंशी साली सरकारी नळ आले आणि ही विद्या निकामी झाली. डोळे मात्र कुठे जातात?

अकरा नंबरचा डाग तर डेल्फियाला झोपेतही ओळखू आला असता, कारण तो तिच्या घरचा होता. तिचे वडील, लेस्टर हाइव्हली, खाणीतले गवंडी. आतल्या वाटा अडवायच्या भिंती ते बांधायचे. सत्तावन्न साली कंपनीने अकरा नंबर बंद केली तेव्हा खाणीचं तोंड बुजवणारी शेवटची भिंत त्यांनीच बांधली. तीन थर विटा, मध्ये ठेचून भरलेली चिकणमाती. पायथ्याशी पाण्याला एक नळी ठेवू द्या, असं त्यांनी साहेबाला दोनदा सांगितलं होतं. नळीच ठेवायची तर भिंत कशाला, असं साहेब म्हणाला. सहा वर्षं पाणी आत साठत राहिलं. त्रेसष्ट सालच्या मार्चमध्ये भिंतीचा खालचा भाग फुटला, आणि सकाळी खोरं उठलं तेव्हा ओढा नारिंगी झाला होता. मासे पोटं वर करून दोन्ही काठांना लागले होते.

दोष कुणाचा, यावर कंपनीने एका पानाचा कागद काढला. त्यावर 'बांधकामातील कसूर' असे दोन शब्द होते, आणि तेवढे पुरले. ओपलचे वडील क्लेटन यांच्या गाई ओढ्यावर पाणी प्यायच्या. त्या पाण्याला तोंड लावेनात, आणि महिन्याभरात गोठा रिकामा झाला. एका रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर क्लेटन उभे राहिले आणि हात वर करून म्हणाले, लेस्टरच्या चिखलाने आपला ओढा खाल्ला. डेल्फिया तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिला त्यांच्या तोंडाकडे बघवेना म्हणून ती वर केलेल्या हाताकडे बघत राहिली. पांढऱ्या सदऱ्याची बाही होती, आणि मनगटाच्या कडेवर ताजी नारिंगी रेघ.

लेस्टर काही बोलले नाहीत. नळीचं डेल्फियाला आईकडून कळलं, तेही ते गेल्यावर. "भिंत पडल्यावर गवंड्याने बोलू नये," एवढंच ते म्हणायचे. पुढची सोळा वर्षं ते चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले, आणि शेवटी शेवटी बाहेर पायरीवर.

डेल्फिया आणि ओपल पुढे एकमेकींच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरण्याइतक्या जवळ आल्या. दोघींनी मिळून दोन नवरे पुरले, मुलं शहरात धाडली, गुडघे बदलून घेतले. पण त्या रविवाराबद्दल दोघींत एक शब्द कधी झाला नाही. कोलंबसहून परतताना दीड तासाच्या वाटेत तोच रविवार गाडीत मागच्या सीटवर बसला होता. शेवटी खोऱ्याच्या वळणावर ओपल म्हणाली, "रंग म्हणजे रंग. नंबर कशाला हवाय त्याला?"

"मला हवाय," डेल्फिया म्हणाली.

*

दर गुरुवारी डेल्फिया रंगाच्या कारखान्यावर जायची. ही सवय तीन वर्षांपूर्वी लागली, खाणींच्या पाण्यातून गंज काढून रंग करायचा कारखाना ओढ्याकाठी उभा राहिला तेव्हा. चित्रांची ओढ त्याहून जुनी. पंच्याऐंशी साली शाळेची सहल संग्रहालयात निघाली आणि जेवणाचे डबे सांभाळायला डेल्फियाला, शाळेच्या स्वयंपाकीणबाईला, बरोबर घेतलं. मुलांना जेवायला हाक मारायला ती आत शिरली आणि एका चित्रापुढे थबकली. एक बाई कापड पिळत होती. कापड पांढरं, पण चित्रकाराने त्या पांढऱ्यात निळा, गुलाबी, पिवळा घातला होता. पांढऱ्यात एवढे रंग असतात हे डेल्फियाला धुणं धुऊन माहीत होतं. ते जगात आणखी कुणाला माहीत असेल असं तिला वाटलं नव्हतं. तेव्हापासून एकही प्रदर्शन तिने चुकवलं नाही. आणि प्रत्येक चित्राची पाटी ती आधी तळापासून वाचायची, कशाने रंगवलंय ते बघायला. स्वयंपाकीण आधी जिन्नस विचारते, तसंच ते.

कारखान्याचा प्रमुख ड्वाइट लहानपणी तिच्या हातचं शाळेत जेवलेला. आता त्याचेच केस पांढरे होत आले होते. एका मोठ्या नळातून सहा नंबरचं पाणी यायचं, दुसऱ्यातून अकराचं. हौदात पडेपर्यंत नितळ, मग खालून हवा सोडली की बघता बघता नारिंगी. गाळ बसला की तो घट्ट खिरीसारखा दिसायचा, आणि तो नीट बसलाय की नाही हे डेल्फिया पळी फिरवून सांगू शकायची. मग तो गाळून, दाबून, तबकांत वाळवून त्याच्या वड्या पाडायच्या. कच्चीच दळली तर पिवळा-नारिंगी. भट्टीत भाजली तर तांबडा, आणखी भाजली तर वांग्याच्या सालीचा. खाली ओढ्यात आता पुन्हा मासे दिसू लागले होते. ड्वाइट पाहुण्यांना आधी मासे दाखवायचा, मग रंग.

तिने चित्राचं सांगितलं तेव्हा ड्वाइट हसला.

"मावशी, रेनाटाबाईंना दिलेला माल चाळीस नंबरच्या पिंपातला. वहीत सहा लिहिलंय. माझं अक्षर आहे."

"तुझं अक्षर शाळेतही कुणाला लागत नव्हतं," डेल्फिया म्हणाली आणि तिने पिशवीतून एक उशीचा अभ्रा काढून टेबलावर पसरला. आईने कपाटाच्या तळाशी ठेवलेला, त्रेसष्ट सालचा. कडेने नारिंगी, आणि कडेच्या कडेला पिवळी रेघ. "हे बघ, आणि चाळीस नंबरचा नमुना आण."

ड्वाइटकडे प्रत्येक पिंपातली मूठभर पूड बाटलीत जपून ठेवलेली असायची. डेल्फियाने तीन पांढरे फडके मागितले. एक सहाच्या पाण्यात, एक अकराच्या, आणि एक चाळीस नंबरची पूड कालवलेल्या पाण्यात, असे तीनदा बुचकळून तीनदा उन्हात वाळवले. ड्वाइटने दुसरी पुडी विद्यापीठात यंत्रावर तपासायला पाठवली, कारण तो शिकलेला माणूस होता. यंत्राने दोन दिवस घेतले आणि फडक्यांनी त्याच दुपारी सांगितलं होतं तेच सांगितलं. चाळीस नंबरच्या फडक्याला पिवळी रेघ आली होती.

मग ड्वाइटलाही आठवलं. एप्रिलमध्ये सहाचा पंप चार दिवस दुरुस्तीला काढला होता. काम थांबू नये म्हणून त्याने स्वतःच अकराचा नळ सोडला, आणि वहीत सवयीने सहा लिहीत राहिला. त्याने मान खाजवली.

"यंत्राआधी सांगितलंत," तो म्हणाला. "आमच्यापैकी एकालाही नसतं जमलं."

डेल्फियाला इतका अभिमान वाटला की तिला खाली बसावं लागलं. आयुष्यभर जे लपवलं, घासलं, टेकडीकडे वाळत घातलं, त्याची ती जाणकार निघाली होती. कोलंबसच्या तज्ज्ञांनाही जी गोष्ट दिसली नाही ती तिला पहिल्याच नजरेत दिसली होती. हे आई असताना घडायला हवं होतं, असं तिला वाटलं.

ड्वाइट मात्र घुटमळत होता. ऑक्टोबरात हे चित्र इथेच, गावातल्या खाणकामगार संघटनेच्या सभागृहात आणायचं ठरलं होतं. कोलंबसला पाटी बदलली तर कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. पण इथे अकरा म्हटलं की जुन्या माणसांना एकच भिंत आठवायची, आणि तिच्यामागोमाग एकच नाव.

"तुम्ही म्हणाल तर सहाच राहू दे," तो हळूच म्हणाला. "चूक माझी. मी निस्तरीन."

ती उठली आणि झुडपांतून वर, अकरा नंबरच्या तोंडाशी गेली. कित्येक वर्षांत ती तिथे फिरकली नव्हती. भिंतीचा खालचा भाग फुटला होता तिथून सरकारने पुढे एक जाड नळी बसवली होती, तिच्या वडिलांनी मागितली होती तिथेच. तिच्यातून पाणी येत होतं, पिण्याजोगं नितळ. वरचे विटांचे थर अजून जागेवर होते. तिने सांध्यांवरून अंगठा फिरवला. बासष्ट वर्षांनीही रेषा ओळंब्यात होती, एक वीट इकडची तिकडे नाही. असं काम बघायला ती कोलंबसला जाते आणि हात पाठीशी बांधून उभी राहते, हे तिच्या मनात आलं, आणि तिला रडू आलं. ते तिने आवरलं नाही, बघायला होतं कोण?

खाली आल्यावर तिने ड्वाइटला पाटीवर काय लिहायचं ते सांगितलं. तो लिहिता लिहिता थांबला.

"नाव पण?"

"नाव आधी," ती म्हणाली.

*

खोऱ्यात बातमी पाण्याहून लवकर पोचते. पाटीवर काय लागणार हे ओपलला शुक्रवारी किराणा दुकानात कळलं. शनिवारी ती कॉफीला आली नाही. रविवारीही नाही. पुढचा आठवडा डेल्फियाच्या स्वयंपाकघराचं मागचं दार वाऱ्यानेच काय ते वाजलं. समोर जावं आणि सरळ बोलावं असं डेल्फियाला दहादा वाटलं. पण बोलायचं काय? तुझ्या वडिलांचं खोटं होतं असं म्हणायचं, तर गाई खरंच गेल्या होत्या. तिने केक भाजला आणि एकटीनेच खाल्ला.

सभागृहातलं प्रदर्शन रविवारी चर्च सुटल्यावर उघडलं. लोक घरून एकेक पदार्थ घेऊन आले. बीन्स, कॉर्नब्रेड, हॅमचे काप, लांब टेबलावर मांडून ठेवलं. रेनाटा ऑसगुड क्लीव्हलँडहून आली होती, उंच, घाबरल्यासारखी. संग्रहालयांतले लोक तिच्या सवयीचे होते. ज्यांच्या ओढ्यातून रंग आला ते लोक नव्हते.

आणि मग भलतंच झालं. क्लारा नावाची नव्वदीची म्हातारी काठी टेकत चित्रापाशी गेली, तिने रुमालाचं टोक जिभेला लावलं आणि हात पुढे केला. ड्वाइटने तिला कसंबसं धरलं. ती बाजूला होते तोच दुसरी. मग तिसरी, स्वतःच्याच हाताकडे बघून खजील झालेली. शेवटी ड्वाइटने खुर्च्यांना दोरी बांधून आडवी लावली, आणि सभागृहात हशा पिकला तो आवरेना. डेल्फिया डोळे पुसत हसत होती. संग्रहालयातल्या त्या पहारेकऱ्याला हे बघायला बोलावायला हवं होतं.

हसू ओसरल्यावर जुना खाणकामगार ऑर्व्हिल चष्मा लावून पाटी मोठ्याने वाचू लागला. त्याला सगळं मोठ्याने वाचायची खोड होती.

"कॅनव्हासवर लोहरंग. लेस्टर हाइव्हली यांनी बांधलेल्या भिंतीमागून. अकरा नंबर खाण, कोल्टर ओढा."

चमचे थांबले. ऑर्व्हिलने चष्मा काढला.

"फुटलेली ती भिंत?"

"तीच," डेल्फिया म्हणाली. तिने आवाज खाली येऊ दिला नाही. "नळी ठेवू दिली असती तर फुटली नसती. त्यांनी मागितली होती, दोनदा. दिली नाही. वरचे थर अजून उभे आहेत, ज्याला बघायचंय त्याने जाऊन बघावं."

वडिलांच्या वाटचं बोलून टाकायला तिला छप्पन्न वर्षं लागली होती. ऑर्व्हिलने दोरीवरून वाकून चित्राची कड पाहिली. मग म्हणाला, त्याच्याकडच्या टबाला अगदी अशीच रेघ होती, आणि त्याच्या बायकोने ती रेघ घासता घासता नवऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. बायका पुढे झाल्या. हा आमचा, हा तुमचा, वरच्या अंगाला असा नव्हता, अशी बोटं हवेत फिरू लागली. रेनाटा वही काढून लिहून घेत होती. डागाला एवढी नावं असतात हे तिला माहीत नव्हतं, असं ती दोनदा म्हणाली.

डेल्फियाची नजर ओपलला शोधत होती. ती मागे दाराशी होती, हातात झाकलेलं भांडं. ऑर्व्हिलचं वाचन तिने ऐकलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. डेल्फियाने हात वर केला. ओपलने भांडं टेबलाच्या कडेला ठेवलं आणि ती निघून गेली.

लोक पाठीवर थाप मारत होते, ड्वाइट कुणाकुणाला फडक्यांची गोष्ट सांगत होता. डेल्फिया टेबलाच्या कडेशी गेली. तिने ओपलच्या भांड्यातलं थोडं वाढून घेतलं. नूडल्स होत्या, नेहमीसारखं मीठ जास्त.

*

सोमवार धुण्याचा. घरात यंत्रं आली तरी खोऱ्यातल्या जुन्या बायका सोमवारी कपडे बाहेरच वाळत घालतात. डेल्फियाने आईचा अभ्रा आणि त्याच्या जोडीची चादर नुसती पाण्यातून काढली. घासली नाही. मग कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन ती बाहेर आली, सवयीने टेकडीकडे चार पावलं गेली, आणि वळली.

रस्त्याकडच्या दोरीवर तिने आधी चादर घातली. वाऱ्याने ती फुगली, नारिंगी कड सरळ रस्त्याला तोंड करून. पोस्टाची गाडी आली, मंदावली, पुढे गेली. डेल्फियाने अभ्रा घातला, टोकं ओढून सरळ केली, आणि दोन पावलं मागे जाऊन हात पाठीशी बांधले.

रस्त्यापलीकडे दाराचा आवाज झाला. ओपल टोपली घेऊन बाहेर आली. तिने डेल्फियाकडे पाहिलं नाही. ती आपल्या अंगणातल्या रस्त्याकडच्या दोरीपाशी आली, टोपलीतून एक पांढरा सदरा काढला, झटकला, आणि दोन्ही बाह्या लांब पसरून दोरीवर घातला. जुन्या पद्धतीच्या कॉलरचा, पुरुषाचा, रविवारी घालायचा सदरा. मनगटांच्या कडांवर नारिंगी रेघ होती आणि तिच्या कडेला पिवळी.

डेल्फियाने तो लगेच ओळखला. त्या रविवारी चर्चमध्ये क्लेटन यांच्या अंगावर होता तो. ओपलने तो सगळी वर्षं जपून ठेवला होता, आणि कुठल्या कपाटात ठेवला होता हे डेल्फियाला, जिने त्या घरातला एकेक चमचा मोजलेला होता, तिलाही कधी कळलं नव्हतं.

वाऱ्याने सदऱ्याची एक बाही उचलली आणि तिचा चिमटा सुटून गवतात पडला. ओपलने बाही हाताने धरून ठेवली. तिच्या टोपलीत अजून बरंच काही होतं, सगळं त्याच रंगाचं.

"चिमटे आहेत का जास्तीचे?" तिने रस्त्यापलीकडून विचारलं. "मला कमी पडणारेत."

डेल्फियाने चिमट्यांचा सगळा डबाच उचलला आणि ती रस्ता ओलांडू लागली.